एएएसनंतर बॅचलर्स करताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजची असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स, म्हणजे एएएस, ही पदवी मुळात थेट नोकरीसाठी आखलेली असते. तिचे साधारण ६० क्रेडिट असतात आणि बॅचलर्सला १२० लागतात. त्यामुळे ‘अर्धं झालं, अर्धं राहिलं’ असं अनेक जण धरून चालतात, आणि तिथेच फसतात.

सगळ्यात महागात पडते ती ‘स्वीकारले’ आणि ‘लागू झाले’ यांतली गफलत. युनिव्हर्सिटीचं पत्र येतं: ६० क्रेडिट स्वीकारले. वाचून हायसं वाटतं. पण त्यातले वेल्डिंगचे किंवा सीएनसीचे (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांचे) ३५ क्रेडिट ‘फ्री इलेक्टिव्ह’, म्हणजे कोणताही ऐच्छिक विषय, म्हणून धरले आणि तुमच्या मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयाच्या अभ्यासक्रमात, फ्री इलेक्टिव्हला जागाच ९ क्रेडिटची असली, तर बाकीचे २६ नुसते कागदावर राहतात. पदवीकडे मोजले गेले ३४. उरले ८६, म्हणजे वर्षाला ३० या वेगाने जवळजवळ तीन वर्षं. म्हणून प्रवेशाचं डिपॉझिट भरण्याआधी त्याच मेजरचं डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीच्या कोणत्या अटी पुऱ्या झाल्या आणि कोणत्या उरल्या याचा तक्ता, मागून घ्या आणि प्रत्येक कोर्स कोणत्या रकान्यात बसला आहे ते ओळीओळीने तपासा. ‘सगळं ट्रान्सफर होईल’ हे तोंडी आश्वासन धरू नका, ईमेलवर लिहून घ्या.

हे टाळायचा सरळ रस्ता म्हणजे बॅचलर ऑफ अप्लाइड सायन्स. यात बऱ्याच ठिकाणी एएएसचे तांत्रिक क्रेडिट एकगठ्ठा धरले जातात. दोन कॉलेजांमध्ये आर्टिक्युलेशन करार, म्हणजे एकाचे कोणते कोर्स दुसरीकडे कशाच्या जागी धरायचे याचा करार, असेल तर तो वाचा; तो कोणत्या कॅटलॉग वर्षाला (त्या वर्षीच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेला) लागू आहे आणि कोणत्या मेजरसाठी आहे, हे आधी बघा. एका मेजरचा करार दुसऱ्याला चालत नाही.

इंजिनिअरिंग आणि इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी या वेगळ्या पदव्या आहेत. या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एबेट या संस्थेत त्यांची मान्यता देणारी कमिशनही वेगळी आहेत. टेक्नॉलॉजीत एएएसवाल्यांचं बस्तान सहसा लवकर बसतं. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर खरी अडचण गणिताची. एएएसमधलं ‘टेक्निकल मॅथ’ बहुधा कॉलेज अल्जिब्राच्या जागी धरलं जात नाही, आणि अल्जिब्रा, ट्रिगनॉमेट्री, मग कॅल्क्युलसचे एकेक भाग ही साखळी एकामागून एकच करावी लागते. एका सेमिस्टरला एक कडी! बाकी सगळे क्रेडिट लागू झाले तरी या साखळीमुळे दोन वर्षं तरी जातात. ती कम्युनिटी कॉलेजातच, तिथल्या कमी फीमध्ये सुरू करा.

तुमचं कॉलेज क्वार्टर पद्धतीचं (सेमिस्टरऐवजी त्याहून छोट्या सत्रांचं) असेल तर सेमिस्टर क्रेडिट काढायला तुमच्या क्रेडिटला दोन-तृतीयांशाने गुणा. ९० चे ६० होतात हे ठीक, पण ३ क्वार्टर क्रेडिटच्या कोर्सचे होतात २, आणि समोर हवे असतात ३. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या मालिका अर्ध्यावर सोडून निघू नका. शेवटचा भाग उरला की सगळी मालिका अडकते.

‘डी’ ग्रेड पुष्कळ ठिकाणी चालत नाही, ‘सी’ लागतो. डेव्हलपमेंटल कोर्स, म्हणजे कॉलेजच्या पातळीआधीची उजळणी, मोजलेच जात नाहीत. जुना जीपीए (ग्रेडची सरासरी) प्रवेशासाठी पाहतात, पण नव्या ठिकाणी तो सहसा शून्यापासून सुरू होतो. शेवटचे ३० क्रेडिट आमच्याकडेच करा, असाही नियम अनेक युनिव्हर्सिट्यांचा असतो.

एफएएफएसए (फॅफ्सा) या सरकारी शिक्षण-मदतीच्या अर्जात नव्या संस्थेचा कोड घालायला विसरू नका. पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत, आयुष्यभरात १२ पूर्णवेळ सेमिस्टरइतकीच मिळते, तेव्हा वाया गेलेली सेमिस्टर त्यातूनही वजा होतात.

एखादा कोर्स नाकारला गेला तर गप्प बसू नका, अपील करा. निर्णय बहुधा त्या विषयाच्या विभागाकडे असतो, ॲडमिशन ऑफिसकडे नाही. सोबत कोर्स केला त्याच सेमिस्टरचा सिलॅबस जोडा: आठवडानिहाय विषय, पुस्तकाचं नाव, लॅबचे तास. कॅटलॉगमधल्या दोन ओळी पुरत नाहीत. हे सिलॅबस कॉलेजचा लॉगिन बंद होण्याआधी उतरवून ठेवा.