सीडीवरचे संगीत घरी नीट कसे ऐकावे

उत्तम ध्वनिमुद्रण असलेली सीडी घरी लावल्यावर बद्द वाटली, तर दोष बहुतेक वेळा तबकडीत नसतो, तिच्यापासून कानापर्यंतच्या वाटेत असतो. १९८२ साली बाजारात आलेल्या या तबकडीवर प्रत्येक चॅनलचे (डाव्या व उजव्या बाजूच्या आवाजाचे) सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे ध्वनिलहरीची मोजमापे, १६ बिटांत (शून्य-एकच्या सोळा अंकांत) नोंदलेले असतात. माणसाला ऐकू येणारा जवळजवळ सारा स्वरपट्टा आणि हळू व मोठ्या आवाजातले सुमारे ९६ डेसिबलचे अंतर त्यात मावते.

तरीही आधी तबकडी पाहून घ्यावी. आठवडे बाजारातल्या ‘एकात दीडशे गाणी’ प्रकारच्या तबकडीवर एमपी३, म्हणजे आकार लहान करण्यासाठी आवाजातला काही भाग गाळलेल्या फाइली असतात. सीडीवरच्या माहितीचा ओघ सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिटांचा, तर १२८ किलोबिटांच्या एमपी३चा त्याच्या अकराव्या हिश्शाएवढा; अशा फाइलींपासून साधी ऑडिओ सीडी बनवली तरी गेलेले परत येत नाही. वेष्टनावरची ‘एएडी’, ‘डीडीडी’ ही अक्षरे (ए म्हणजे ॲनालॉग, डी म्हणजे डिजिटल) ध्वनिमुद्रण, मिश्रण व मास्टरिंग (अंतिम प्रत तयार करणे) टेपवर झाले की डिजिटल पद्धतीने, एवढेच सांगतात. त्यांवरून दर्जा ठरवू नये.

वैशाखात आपल्याकडे दारे लावली तरी बारीक धूळ घरात येतेच. तबकडी कडेने धरून मऊ, किंचित ओल्या सुती फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून कधीही पुसू नये. माहितीची रेषा सर्पिल असल्याने तिच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग माहिती खातो. मध्यापासून कडेकडे जाणारा आडवा ओरखडा मात्र प्लेअरची दुरुस्तीची गणिते सहसा निभावून नेतात, कारण सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची सलग चूक ती पूर्ण भरून काढू शकतात. छापील बाजू अधिक जपावी, कारण परावर्तक थर तिच्या लगेच खाली, पातळ लाखेआड असतो. जळगाव-भुसावळच्या उन्हात गाडीत सीडी ठेवणे म्हणजे ती वाकवण्याची तयारीच होय.

खरे काम खोलीत आहे. मध्ये उभे राहून एक टाळी वाजवावी. तिच्यामागून खणखणीत शेपूट ऐकू आली, तर शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवत आहेत असे समजावे. फरशीवर सतरंजी अंथरावी आणि स्पीकरसमोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगावी. एवढ्याने जो फरक पडतो, तो महागड्या वायरीने पडत नाही. धाब्याच्या घरातल्या जाड, खडबडीत मातीच्या भिंती मात्र टाळीला बऱ्यापैकी शांत ठेवतात.

मी कित्येक वर्षे दोन्ही स्पीकर कपाटांवर, कोपऱ्यांत ठेवले होते. तबल्याचा डग्गा घुमत राही आणि मी कंपनीच्या ध्वनिमुद्रणाला नावे ठेवी. कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, कानाच्या उंचीवर आणले, तेव्हा घुमणे गेले. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा, म्हणजे गायक मधोमध उभा राहतो.

उन्हाळ्यात कूलर चालू ठेवून ऐकू नये. त्याच्या घरघरीत आलापाचे हलके स्वर बुडतात आणि मग आवाज वाढवण्याची सवय लागते. पहाटे पाचला, पंखाही बंद करून, तानपुऱ्याने सुरू होणारी सीडी लावावी. जवारीचा (तानपुऱ्याच्या घोडीवर तारा घासून उठणारा) झणकार आणि ‘सा’पूर्वीचा गायकाचा श्वास वेगळा कळला, तर मांडणी जमली. दोन सीडी ताडून पाहताना आवाज सारखा ठेवावा, कारण मोठ्याने वाजणारी कानाला उगाच सरस वाटते.

गायकाचा आवाज कुठून येतो हेच कळेनासे झाले आणि डग्ग्याचा भारही हरवला, तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील. प्लेअर बंद करून त्या एकाच स्पीकरच्या लाल-काळ्या तारांची अदलाबदल करावी.