सत्तरी-सांग्यात दोघांसाठी ग्लॅम्पिंग: तंबू कसा निवडावा, दोन रात्री कशा आखाव्यात

गोव्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांत कुळागरांच्या (सुपारी-नारळाच्या बागांच्या) आणि काजूबागांच्या कडेला आता सजवलेले तंबू मिळतात. असा सोयींचा तंबूमुक्काम म्हणजेच ग्लॅम्पिंग. आत पलंग, पंखा किंवा एसी, मागे जोडून न्हाणीघर. फोटोत सगळेच तंबू देखणे दिसतात. मुक्काम सुखाचा होणार की नाही ते ठरवतात सावली, वारा आणि ओल, आणि या तिन्हींची चौकशी पैसे भरण्याआधी फोनवर करता येते.

पहिला प्रश्न: घुमट की कापडी तंबू? पारदर्शक खिडकीचा पीव्हीसी घुमट गोव्याच्या उन्हात लवकर तापतो. ऊन आत येतं, उष्णता बाहेर जात नाही. ती खिडकी पश्चिमेला असेल तर दुपारी तीनपासून सूर्य मावळेपर्यंत आत बसवत नाही, एसी चालू असला तरी. म्हणून खिडकीची दिशा विचाराच. आमचा कौल जाड कॅनव्हासच्या, वर वेगळं छत असलेल्या तंबूला. मात्र छत आणि तंबू यांच्यात निदान वीतभर मोकळी जागा हवी. दोन्ही कापडं एकमेकांना टेकली की मधून वारा खेळत नाही, आणि पाऊस आला तर टेकलेल्या जागेतूनच ओल आत झिरपते. तंबू जमिनीवर नको, दीड-दोन फूट उंच जोत्यावर किंवा लाकडी फळ्यांवर हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी सरीत फरक कळतो.

ओलीबद्दल जरा सविस्तर, कारण तक्रारी बहुतेक तिथूनच येतात. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत जातं. डिसेंबर-जानेवारीत डोंगराकडच्या रात्री थंड असतात, बाहेर दंव पडतं, कापड गार होतं आणि सगळ्या चेना बंद असतील तर ती वाफ आतल्या बाजूने थेंब होऊन पलंगावर गळते. छत फाटलंय असं लोकांना वाटतं. उपाय सोपा आहे: समोरासमोरच्या दोन जाळीच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा, पंखा मंद ठेवा, पलंग कापडापासून हातभर आत ओढा. ओले टॉवेल आत वाळत घालू नका. पावसाळ्यानंतर तंबू नुकते उघडले असतील तर कॅनव्हासला बुरशीचा वास असतो. गाद्या-उशा उन्हात घातल्या का, हे स्पष्ट विचारा. दमा असलेल्यांनी ऑक्टोबर टाळावाच.

विजेचं: लाइट गेली तर एसी चालतो की फक्त पंखा, हे आधी विचारा. इन्व्हर्टरवर सहसा पंखा आणि दिवेच चालतात. जनरेटर असेल तर तो तुमच्या तंबूपासून किती दूर आहे तेही विचारा.

कापडाची भिंत आवाज अडवत नाही. दोन तंबूंमध्ये निदान पंधरा मीटर अंतर आणि मध्ये झाडी हवी. रात्रीची सावली कोणी सांगत नाही: दिवा तुमच्या मागे असेल तर तुमची आकृती बाहेरून स्वच्छ दिसते. दिवा वाटेकडच्या भिंतीला टेकवून खाली ठेवा, म्हणजे सावली उलट्या बाजूला पडते. आतला दुसरा पडदा असेल तर उत्तमच.

सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. नाताळ ते नववर्ष भाव चढे असतात. मार्चपासून उकाडा वाढतो, पण काजूचा आणि हुर्राकचा (काजूबोंडांच्या रसाची हलकी दारू) हंगाम तेव्हाच. काजवे बघायचे असतील तर मेअखेर, पहिल्या पावसाच्या तोंडावर जा.

कमीत कमी दोन रात्री ठेवा. चारच्या आत पोचा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गावाबाहेरच्या वाटांवर दिवे नसतात. टाकी फोंडा, वाळपई किंवा सांग्यातच भरा, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. भाड्याची गाडी स्वतः चालवायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. दोघांचीही ओळखपत्रं लागतात, आणि मुक्कामाच्या जागेची पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का, हेही विचारून घ्या.

सत्तरीत जाणार असाल तर एक गोष्ट गांभीर्याने घ्या. तिथे माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत पाचोळ्यातल्या गोचिडींमुळे तो पसरतो. पाचोळ्यावर बसू नका, पूर्ण बाह्या आणि मोज्यात खोचलेली पँट घाला, परतल्यावर अंग, केस, काखा तपासा, गरम पाण्याने अंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. पुढच्या दहा-बारा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना सत्तरीत होतो हे आवर्जून सांगा. रात्री न्हाणीघरात जाताना टॉर्च, सकाळी बूट झटकून मगच पाय आत. साप चावला तर जखम कापू-चोखू नका, चावलेला भाग हलवू नका, 108 ला फोन करा.

कुळागरातली जागा थंड असते, पण पाटाच्या पाण्यामुळे तिन्हीसांजेला डास येतात. साडेपाचलाच जाळ्या लावून घ्या, मग बाहेर बसा. शेकोटी फक्त लोखंडी घमेल्यात, बाजूला पाण्याची बादली ठेवून. मार्चपासून पुढे नकोच. 2023 च्या मार्चमध्ये सत्तरीतल्या म्हादई अभयारण्यात वणवे पेटले होते. अभयारण्याच्या हद्दीत तर कधीच नको.

जेवण आदल्या दिवशी सांगा. मासळी सकाळच्या बाजारातून येते, आयत्या वेळी मिळत नाही. सोमवारी बहुतेक हिंदू घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारीच, असतं. त्या दिवशी खतखतें (मिश्र भाज्यांचं कालवण), भाजी आणि सोलकढी मागा, पश्चात्ताप होणार नाही.

मधल्या दिवशी एकच फेरी पुरे. सांग्यातल्या नेत्रावळीला मुक्काम असेल तर सकाळी बुडबुड्यांची तळी, मग सावरीचा धबधबा. वाट दगडांची आहे, चपला नकोत, आणि पावसाळ्यात धबधब्यांवर अधूनमधून बंदी येते, म्हणून आधी चौकशी करा. धारबांदोड्यातल्या मोले बाजूला असाल तर तांबडी सुर्लचं कदंबकालीन महादेव मंदिर सकाळी लवकर गाठा. अकरापर्यंत परत या, दुपार झोपाळ्यासाठी ठेवा. सुट्टे पैसे जवळ असू द्या. रेंज नसली की यूपीआय चालत नाही, आणि फाटकावरचं तिकीट, गाइडचे पैसे, वाटेवरचा चहा रोखीनेच द्यावा लागतो.