हरलेल्या प्रचाराचं खापर कुणावर? शोधायची माझी पद्धत

पराभवानंतर पहिल्या दोन दिवसांत एकच काम करा. प्रचाराच्या ग्रुपवरचे मेसेज, ईमेल, छपाईची बिलं, प्रूफं, सगळं जमा करून ठेवा. तिसऱ्या दिवसापासून माणसं ग्रुप सोडतात, मेसेज पुसतात आणि ‘मी तर तेव्हाच म्हणालो होतो’ म्हणणारे वाढतात. मी सतरा वर्षं प्रचार कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसून याद्या, छपाई आणि गाड्या सांभाळल्या आहेत, तेव्हा हे अनुभवाने सांगते.

मग यादी करा, पण चुकांची नाही, निर्णयांची. ‘पत्रकं उशिरा आली’ ही चूक. ‘उमेदवाराने स्वतः वाचल्याशिवाय काहीही छापायचं नाही’ हा निर्णय, आणि उशीर त्यातून झाला. प्रत्येक निर्णयापुढे तीन रकाने आखा: सुचवलं कुणी, होकार कुणी दिला, थांबवण्याचा अधिकार कुणाला होता. भांडणं पहिल्या रकान्यावर होतात. उत्तर बहुतेक वेळा तिसऱ्यात असतं.

हे मला उशिराच कळलं. एकदा आमच्या पत्रकावर सभेची तारीख चुकली, चाळीस हजार प्रती वाया गेल्या. टाइप करणाऱ्या मुलाला सगळ्यांनी झापलं, मीसुद्धा. नंतर प्रूफ सापडलं, तर त्यावर तीन सह्या! शेवटची उमेदवाराच्या मेहुण्याची. आणि मेहुण्याला प्रूफ तपासायला बसवलं होतं खुद्द उमेदवाराने. त्या मुलाची माफी मागायला मला आठ महिने लागले.

मोठ्या प्रचारांतही हेच रकाने चालतात. 2012 मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांच्या प्रचाराने ‘ऑर्का’ नावाची यंत्रणा उभारली होती. मतदान कुणी केलं, हे केंद्रांवरचे हजारो स्वयंसेवक फोनवरून कळवणार आणि उरलेल्यांना घराबाहेर काढायचं, असा बेत. मतदानाच्या दिवशी, 6 नोव्हेंबरला, ती कोलमडली; यंत्रणेत शिरायला दिलेले अनेकांचे पिन (गुप्त क्रमांक) चाललेच नाहीत. प्रोग्रामरना बोल लावणं सोपं आहे. पण एवढ्या लोकांचा भार एकदम पडल्यावर काय होईल, याची खरी परीक्षा थेट मतदानाच्या दिवशीच व्हावी, ही मोकळीक वरच्यांनी दिली. रॉम्नी यामुळेच हरले, असं मात्र लिहू नका. पराभव आणि गैरकारभार वेगळे मोजा. उत्तम प्रचार करूनही माणूस हरतो, गचाळ प्रचार करूनही जिंकतो. जिंकल्यावर चौकशी कुणी करत नाही, ही खरी अडचण.

2017 चं ब्रिटन बघा. पंतप्रधान थेरेसा मे यांनी स्वतः मुदतीआधी निवडणूक घेतली. 18 मे रोजी जाहीरनामा आला, त्यातल्या वृद्धांच्या देखभाल खर्चाच्या कलमावर गदारोळ उठला आणि 22 मे रोजी त्यांना त्यात बदल करावा लागला. बहुमत गेलं. पदं सोडली ती निक टिमोथी आणि फिओना हिल या त्यांच्या दोन प्रमुख सहकाऱ्यांनी. टिमोथींचा जाहीरनाम्यात वाटा होता, ते गेले हे योग्यच. पण तिसऱ्या रकान्यात नाव कुणाचं येतं?

सल्लागारांसाठी चौथा रकाना जोडा: पैसे कसे मिळत होते? जाहिरातींच्या खर्चावर टक्केवारी घेणारा माणूस ‘जाहिराती कमी करा, दारोदार जा’ असं क्वचितच सांगेल. तो लबाड असेलच असं नाही. तशा करारावर सही केली कोणी, ते आधी बघा.

कार्यकर्त्यांवर फार वेळ घालवू नका. ज्यांना यादीच आदल्या रात्री मिळाली, त्यांच्याकडून कसला जाब मागणार?

अहवाल लिहून झाला की ज्यांची नावं त्यात आहेत त्यांना एकेकट्याला वाचून दाखवा आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत खाली जोडा. एक प्रत पुढच्या प्रचारप्रमुखासाठी राखून ठेवा आणि त्याला पहिल्याच दिवशी द्या. उमेदवाराकडे गेलेली प्रत पुन्हा कुणाच्या नजरेला पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.