बेअरफूट शूज घालून पळायचंय? आधी पोटऱ्या तयार करा

पातळ सोल, टाचेला उंची नाही, पुढे बोटांना ऐसपैस जागा, असे बेअरफूट शूज आता बडोद्यातही दिसायला लागलेत. कमाटीबागेत सकाळी सहा-साडेसहाला गेलात तर पाचही बोटं सुटी असलेले बूट घालून एखादा तरी पळताना दिसतो आणि बाकावरचे आजोबा त्याच्या पायांकडे टक लावून बघत असतात. तुम्हालाही ट्राय करायचे असतील तर जरूर करा, फक्त घाई करू नका, कारण या शूजमध्ये दुखापत होते ती बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांत आणि बहुतेक घाईमुळेच.

आपल्या लोकांचं एक ठरलेलं असतं, की आपण घरात अनवाणी, देवळात अनवाणी, मग आपले पाय तर तयारच आहेत की. चालण्यापुरते आहेत, हो. पण पळताना प्रत्येक पावलाला एकाच पायावर अंगाच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो, आणि नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते, ती उंची गेली की पोटरीला आणि टाचेमागच्या जाड शिरेला प्रत्येक पावलाला जास्त ताणावं लागतं. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा २०१० साली 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास सगळे सांगतात, की सवयीने अनवाणी पळणारे बरेचदा चवड्यावर उतरतात आणि टाचेवर आदळल्यावर बसतो तसा झटका त्यांना बसत नाही. बरोबर आहे. पण भार गायब होत नाही, तो गुडघ्याकडून पोटरीकडे सरकतो एवढंच.

पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये कोणीतरी इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं नाव काढणारच, १९६० ला रोममध्ये अनवाणी पळून ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकली २ तास १५ मिनिटं १६ सेकंदात. हाच माणूस १९६४ ला टोकियोत शूज घालून पळाला आणि २ तास १२ मिनिटांत आला, ते मात्र कोणी सांगत नाही.

कोणी या भानगडीत पडू नये

डायबिटीस आहे आणि तळपायाची संवेदना कमी झालीय, त्यांनी नकोच, खडा रुतला तरी कळणार नाही. टाच दुखणं चालू आहे, टाचेमागची शीर धरलीय किंवा पायाचं हाड नुकतंच जुळलंय, तर आधी डॉक्टरला विचारा. आणि सध्याच्या शूजमध्ये सगळं छान चाललंय, कुठे दुखत नाही, तर माझं स्पष्ट मत, पैसे वाचवा. 'दुखापती कमी होतात, पाय मजबूत होतात' अशा जाहिरातींवरून अमेरिकेत पाच बोटांचे शूज काढणाऱ्या व्हायब्रमवर खटला झाला होता आणि २०१४ साली कंपनीने चूक कबूल न करता ३७.५ लाख डॉलरवर तडजोड केली, एवढं लक्षात ठेवून खरेदीला जा.

शूज निवडताना

संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. आतला इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळी किंवा अंगठा बाहेर येत असेल तर तो शू तुमचा नाही, दुकानदार काहीही म्हणो, 'वापरून सैल होईल' वगैरे. पुढे अंगठ्याची रुंदी मावेल एवढी जागा हवी. मग शू मधून वाकवून बघा, पिळून बघा, सहज गुंडाळला गेला पाहिजे. सोल मात्र एकदम ३-४ मिलिमीटरचा घेऊ नका, पहिल्या जोडीला ८-१० मिलिमीटर बरा, आणि जमलं तर त्याआधी ४ मिलिमीटर ड्रॉपवाला, म्हणजे टाच चवड्यापेक्षा तेवढीच उंच असलेला शू वापरून संपवा. सुट्या बोटांचे शूज दिसायला मजेशीर, पण घालायला वेळ लागतो आणि उत्तरायणानंतर बडोद्याच्या रस्त्यांवर मांजा पडलेला असतो तेव्हा त्या बोटांत दोरा अडकतो, त्यामुळे सरळ बंद पुढचे घ्या.

शाळेचे पांढरे कॅनव्हास पीटी शूज चालतील का, असं बरेच जण विचारतात. रावपुऱ्यात स्वस्तात मिळतात, सोल सपाट आणि पातळ, त्यामुळे चालून अंदाज घ्यायला ठीक आहेत, पळायला नकोत कारण पुढे निमुळते असतात.

पहिले तीन-चार आठवडे पळायचंच नाही

हे कोणालाच आवडत नाही. शूज घालून रोज वीस मिनिटं चाला, हळूहळू चाळीसवर न्या, भाजी आणायला तेच घाला. सोबत घरी दारच्या ओट्याच्या कडेवर चवड्यावर उभं राहून टाचा वर करा, मग सावकाश कडेच्या खाली सोडा, १२-१५ वेळा, असे दोन-तीन सेट, एक दिवसाआड, पंधरा दिवसांनी हेच एकेका पायावर. दात घासताना एका पायावर उभे राहा. एका पायावर वीसेक वेळा टाच वर जात नसेल तर पळायची वेळ अजून आलेली नाही.

मग पळायला सुरुवात

आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवस सोडून, आणि रनच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना. पहिल्यांदा एक मिनिट पळणं एक मिनिट चालणं असं पाच वेळा, की झालं, शूज बदला आणि बाकीचा रन जुन्या शूजमध्ये करा. पुढच्या आठवड्यात दोन-तीन मिनिटं वाढवा, यापेक्षा जास्त नाही, कितीही बरं वाटलं तरी, कारण स्नायू काही आठवड्यांत तयार होतात पण शिरांना आणि हाडांना महिने लागतात. पहिले मातीवर, पोलो ग्राउंडसारखी मोकळी जागा बघा, पण खड्ड्यांवर लक्ष ठेवा. थंडीतली मॅरेथॉन यात पळायची असेल तर आदल्या थंडीत सुरुवात करा, दिवाळीला शूज आणून नाही.

पळताना मुद्दाम चवड्यावर नाचत पळू नका, ही सगळ्यात कॉमन चूक. पाय अंगाच्या खाली पडू द्या, आधी चवडा किंवा मधला भाग टेकेल, पण नंतर टाच खाली टेकलीच पाहिजे, टाच हवेत ठेवून पळालात की पोटरी दोन दिवसांत बोंब मारेल. उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा पडतो ते मोजा आणि चारने गुणा, ४० आले तर मिनिटाला १६० पावलं. ती पाचेक टक्क्यांनी वाढवा, म्हणजे १६८ च्या आसपास, वेग तोच ठेवून. पाऊल आपोआप आखूड होतं. आणि आवाज ऐका, इयरफोन काढून. थाप-थाप येत असेल तर पाय पुढे फेकला जातोय.

दुखलं तर

नवरात्रात पहिल्या रात्री गरबा खेळून दुसऱ्या दिवशी दोन्ही पोटऱ्या भरून येतात, तसं दुखणं चालेल, दोन दिवसांत उतरतं. पण सकाळी बिछान्यातून उठताना टाचेखाली पहिल्या पावलाला कळ, टाचेमागे एका जागी कडकपणा, हे आलं की दोन आठवडे मागे या. आणि पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागच्या लांब हाडांवर बोट दाबल्यावर एकाच ठिकाणी दुखलं तर त्या दिवसापासून पळणं बंद, ऑर्थोपेडिककडे जा. २०१३ मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात १० आठवड्यांत अशा शूजकडे वळणाऱ्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली होती, नेहमीचे शूज वापरणाऱ्या १७ जणांमध्ये एकाच्या. ते पण व्यवस्थित प्लॅन करून वळले होते.

बडोद्याचं हवामान

एप्रिल-मेमध्ये नऊ वाजल्यानंतर डांबरावर जाऊ नका, पातळ सोलमधून चटके बसतात. पावसाळ्यात विश्वामित्री नदीच्या बाजूने पाणी चढलं की तिकडचे रस्ते सोडूनच द्या, नदीतल्या मगरींचं राहू द्या, साचलेल्या पाण्याखालची काच यात सरळ पायात जाते. मोज्यांशिवाय घालत असाल तर वास लवकर येतो, दर तीन-चार रनला हाताने धुवा, सावलीत वाळवा, आत जुना पेपर कोंबून. आणि जुने शूज टाकू नका, अजून बरेच महिने मोठे रन त्यातच करायचेत.