जुना सोफा: कापड बदलायचं की सोफाच बदलायचा?

सोफ्याचं कापड विटलं की घरात चर्चा रंगाची सुरू होते. पण कापड ही सोफ्यातली सगळ्यात सहज बदलणारी गोष्ट आहे. फोमला खर्च थोडा जास्त, तरी तोही एखाद-दुसऱ्या दिवसाचं काम. खरा प्रश्न आतल्या सांगाड्याचा असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. म्हणून कापडाची नमुनावही हातात घेण्याआधी सोफा उलटा करायला हवा.

उशा काढा, फरशीवर जुनी चादर अंथरा आणि दोघांनी धरून सोफा पाठीवर आडवा करा. तळाला पातळ काळं कापड स्टेपलनं ठोकलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरनं त्याची फूटभर कडा उचकटा, नंतर ती परत ठोकता येते. आत टॉर्च मारा.

सागवान असेल तर लाकूड सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट लागतं. पाइन किंवा रबरवूड फिकट पिवळसर असतं. प्लायवुडच्या कडेला थर मोजता येतात. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेला भुसा. कडेला नख लावलं तर कण सुटतात. सागवान किंवा शिसवीचा सांगाडा धड असेल तर सोफा टाकून देण्याचं बहुधा कारणच नसतं. पार्टिकल बोर्डचा सांगाडा मात्र एकदा स्क्रूच्या जागी भुसभुशीत झाला की नवा स्क्रूही धरत नाही. अशा सोफ्यावर चांगलं कापड चढवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. जाड प्लायवुड आणि घन लाकडाच्या पट्ट्या असा मिश्र सांगाडा असेल तर सांधे पाहून ठरवा.

सांधे पाहायची सोपी रीत अशी: सोफा सरळ ठेवा आणि पुढचा एक पाय सहा इंच वर उचला. तेवढ्यात पुढचा दुसरा पायही जमीन सोडायला हवा. तो खालीच राहिला तर सांगाडा पिळवटतोय. मग सोफ्याचे दोन्ही हात धरून आत-बाहेर हलवा. नुसता करकर आवाज येत असेल तर सुतार सांधा उघडून फेव्हिकॉल भरतो, आतल्या कोपऱ्यात लाकडी ठोकळा बसवून स्क्रू मारतो आणि काम होतं. लाकूडच सांध्याजवळ उभं चिरलं असेल तर तो भाग नवा घालावा लागतो. एक पट्टी बदलणं परवडतं. तीन-चार पट्ट्या बदलायच्या असतील तर सुताराकडून नव्या सांगाड्याचा भाव घ्या.

कीड वेगळी पाहावी लागते. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर लाकूड पोखरणारा भुंगा. सागाचं पक्कं लाकूड वाळवीला बऱ्यापैकी पुरून उरतं, पण त्याच फळीच्या कडेचा पांढरा भाग कीड खाते आणि स्वस्तातल्या सागवानी सोफ्यात हा पांढरा भाग भरपूर असतो. संशयाच्या जागी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. सहज आत गेलं तर ती पट्टी संपली. ढेकूण असतील तर आधी कीडनाशक फवारणी, जुना फोम घराबाहेर, मगच नवं काम. नाहीतर नव्या शिवणीत ते पुन्हा दिसतात.

बसल्यावर खड्डा का पडतो

खड्डा पडला म्हणजे सोफा गेला, असं समजून बरेच जण चांगला सोफा विकून टाकतात. कारण दोनांपैकी एक असतं. उशी काढून तळावर हातानं जोर द्या. तळ झोळीसारखा खाली गेला तर उशीखाली ताणून ठोकलेले रबरी पट्टे सैल झालेत किंवा स्प्रिंग सुटलीय. तळ घट्ट असेल तर दोष फोमचा.

रबरी ताणाचे पट्टे काही वर्षांनी सैल पडतातच. नवे पट्टे आडवे-उभे एकमेकांत गुंफून, ताण देऊन ठोकायला हवेत. नुसते आडवे पट्टे मारले तर वर्षभरात पुन्हा खड्डा. नागमोडी स्प्रिंग असेल तर बहुतेक वेळा स्प्रिंग शाबूत असते, तिची कडेची क्लिप तुटलेली असते. हे अगदी किरकोळ काम. तेवढ्यासाठी पूर्ण सोफा उघडू देऊ नका.

फोमच्या बाबतीत डेन्सिटी आणि कडकपणा यांत गल्लत होते. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. ती टिकाऊपणा सांगते. दाबून कडक वाटणारा फोमसुद्धा हलका असू शकतो आणि तो लवकर बसतो. रोज वापरायच्या बैठकीला ४० डेन्सिटी घ्या. ३२ कमी वापराच्या खोलीत चालते. पाठीला २८ पुरते, उलट तिथे कडक फोम नकोच. फोमच्या तुकड्यांपासून दाबून केलेला रंगीबेरंगी रीबॉन्डेड फोम खूप जड असतो, पण अख्खी बैठक त्याची केली तर बाकावर बसल्यासारखं होतं. खाली एक इंच तो आणि वर तीन इंच ४० डेन्सिटी, ही जोडी वयस्कर माणसांच्या घरात छान चालते.

कारागिरानं सांगितलेलाच फोम घातला का, हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. २४ × २४ × ४ इंचांचा तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर साधारण दीड किलो भरतो, ३२ चा १ किलो २०० ग्रॅमच्या आसपास, २८ चा जेमतेम १ किलो ६० ग्रॅम. खोळ चढवण्याआधी एकच तुकडा तोलून पाहा. सर्वात जास्त फसवणूक इथेच होते, कारण खोळीची चेन बंद झाली की कोणी पुन्हा उघडून बघत नाही.

बैठकीची उंचीही तपासून घ्या. चारऐवजी सहा इंचांचा फोम घातला की पहिल्या दिवशी थाट वाटतो, पण बुटक्या माणसाचे पाय लोंबकळायला लागतात. जमिनीपासून बैठक १७ ते १८ इंच असावी, गुडघे दुखणाऱ्यांसाठी १९ चालेल.

कापड किती लागतं

सोफ्याचं कापड साधारण ५४ इंच पन्ह्याचं येतं. लाकडी सोफा आणि सुट्या उशा असतील तर हिशेब सरळ आहे. २४ × २४ × ४ च्या उशीला वरचा-खालचा तुकडा शेजारी शेजारी बसतो, त्याखाली कडेच्या पट्ट्या. मिळून ९० सेंटिमीटर. पायपिंग, म्हणजे कडेच्या शिवणीतली गोल किनार, धरून उशीला एक मीटर. पाच बैठका आणि तेवढ्याच मापाच्या पाच पाठी असतील तर दहा मीटर.

सगळीकडून कापडानं मढवलेल्या सोफ्याला जास्त लागतं: तीन जणांच्या सोफ्याला १० ते १२ मीटर, एकाच्या खुर्चीला ५ ते ६. म्हणजे तीन-एक-एक संचाला २० ते २४ मीटर. मोठी नक्षी किंवा रेघा जुळवायच्या असतील तर १५-२० टक्के जास्त घ्या. मखमलीची लव सगळ्या तुकड्यांवर एकाच दिशेला, वरून खाली हवी. एक तुकडा आडवा कापला गेला तर उजेडात तो वेगळ्या रंगाचा दिसतो आणि दुरुस्ती नसते.

नमुनावहीच्या मागे मार्टिनडेल म्हणून आकडा छापलेला असतो. कापड किती घासल्यावर विरतं, याचं ते माप. रोजच्या सोफ्याला २५,००० च्या वरचं घ्या. मांजर असेल तर सुटे मोठे टाके असलेलं, तागासारखं जाड विणीचं कापड टाळा.

रेक्झिनबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दुकानात लेदरेट म्हणून विकलं जाणारं, स्पर्शाला मऊ असं पीयूचं (पॉलियुरेथेनचं) रेक्झिन दमट हवेत टिकत नाही. हवेतल्या ओलाव्यानं वरचा पातळ थर रासायनिकरीत्या तुटत जातो आणि पापुद्रे सुटतात. मुंबई, कोकण, गोवा इथे बहुतेकदा चार-पाच वर्षांत हे सुरू होतं, सोफा वापरात नसला तरी. यावर पॉलिश, क्रीम, स्प्रे कशाचाही उपयोग नाही. पीव्हीसी रेक्झिन ओलाव्याला जास्त टिकतं, मात्र उन्हाळ्यात अंगाला चिकटतं. पापुद्रे सुटलेला सोफा आतून भक्कम असेल तर त्यावर कापड चढवावं.

खर्चाची तुलना

दुरुस्तीचा भाव मागताना एकच मोठा आकडा घेऊ नका. मजुरी, फोम, पट्टे, कापड, पॉलिश आणि ने-आण असे सहा आकडे वेगळे लिहून घ्या. कापड स्वतः आणलं तर बरं. मग तुलना करा ती त्याच लाकडाच्या, त्याच डेन्सिटीच्या नव्या सोफ्याशी. लोक सागवानी सोफ्याच्या दुरुस्तीची तुलना सेलमधल्या पार्टिकल बोर्डच्या सोफ्याशी करतात आणि दुरुस्ती महाग ठरवतात. ही तुलनाच चुकीची आहे. दुरुस्ती नव्याच्या निम्म्यापर्यंत असेल तर बिनधास्त करा. दोन-तृतीयांशाच्या वर गेली तर सोफ्याचं माप, आकार, घडण मनापासून आवडत असेल तरच करा. नव्याच्या खर्चात जुना उचलून नेण्याचे पैसेही धरा आणि नवा सोफा लिफ्टमध्ये, जिन्याच्या वळणावर, दारातून जातो का ते टेपनं मोजा. जुन्या इमारतींत अनेकदा निर्णय इथेच होतो.

सोफा-कम-बेड किंवा रिक्लायनर असेल तर आधी यंत्रणेचा सुटा भाग मिळतो का ते विचारा. मिळत नसेल तर कापडाला हात लावू नका.

काम द्यायचं ठरलं तर गणपती ते दिवाळी हे दिवस टाळा; कारागिरांची घाई असते आणि हवेत ओल असते. लाखेचं पॉलिश पावसाळी हवेत पांढुरकं पडतं. थंडीत काम चांगलं होतं. चार गोष्टी आधीच ठरवून घ्या: जुनं कापड पूर्ण काढायचं, कारण त्यावरच नवं ठोकलं तर वास आणि बुरशी आत राहते आणि स्टेपल लाकडापर्यंत नीट पोचत नाही; फोम खोळीपेक्षा सगळीकडून अर्धा इंच मोठा कापायचा, नाहीतर महिन्याभरात सुरकुत्या; शिवण जाड पॉलिस्टर दोऱ्याची; आणि समुद्राजवळच्या घरात स्टेपल न गंजणारे. उरलेलं कापड कारागिराकडे सोडू नका. सोफ्याच्या हाताची पुढची बाजू सगळ्यात आधी विरते, तिथे लावायला अर्धा मीटर पुरतं आणि त्याच छटेचं कापड नंतर बाजारात सहसा मिळत नाही.