हर्ग चॅनेलचा प्रवाह पॅच क्लॅम्पने मोजताना

हृदयाच्या पेशीत प्रत्येक ठोक्यानंतर विद्युतविभव पूर्वपदावर येतो, तो मुख्यतः पोटॅशियम बाहेर गेल्यामुळे. त्यातला एक महत्त्वाचा दरवाजा म्हणजे हर्ग चॅनेल. औषधाने तो अडला तर ईसीजीतला क्यूटी कालावधी (हृदयाचे खालचे कप्पे उद्दीपित होऊन पूर्वपदावर येईपर्यंतचा वेळ) लांबतो आणि हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते. टर्फेनाडीन हे ॲलर्जीवरचे औषध याच कारणाने १९९० च्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून गेले. नव्या औषधांची हर्ग चाचणी आज नेहमीचीच झाली आहे. ती पॅच क्लॅम्पने करता येते: काचेच्या बारीक पिपेटचे टोक पेशीला चिकटवायचे, पेशीचा विभव हवा तिथे धरून ठेवायचा आणि चॅनेलमधून जाणारा प्रवाह मोजायचा. मात्र हातात आलेला आकडा खरा असायचा तर खालची काळजी हवीच.

पेशी: हर्ग कायम बनवणाऱ्या एचईके-२९३ (मानवी मूत्रपिंडापासूनच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) पेशी विरळ पेरा आणि एकटी पडलेली पेशीच निवडा. चिकटलेल्या शेजारणी आतून जोडलेल्या असू शकतात. मग विभव कुणाचा धरला आहे ते सांगता येत नाही. एकट्या पेशीची धारकता (पटलावर विद्युतभार साठवण्याची क्षमता, पेशीच्या आकाराचे माप) साधारण १० ते ३० पिकोफॅरड भरते. त्याहून बरीच जास्त दिसली तर ती पेशी सोडा.

द्रावणे: बाहेरचे (मिलिमोलरमध्ये) सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ४, कॅल्शियम क्लोराइड १.८, मॅग्नेशियम क्लोराइड १, ग्लुकोज १०, हेपीस (पीएच स्थिर ठेवणारे बफर) १०. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४. पिपेटमधले पोटॅशियम क्लोराइड १३०, मॅग्नेशियम क्लोराइड १, ईजीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारे) ५, हेपीस १०, मॅग्नेशियम-एटीपी ५. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.२. आतल्या द्रावणाची ऑस्मोलॅरिटी बाहेरच्यापेक्षा १० ते १५ मिलिऑस्मोलने कमी ठेवा, नाहीतर पेशी फुगतात. एटीपी खराब होते, म्हणून आतले द्रावण लहान भागांत उणे २० अंशांवर साठवा आणि त्या दिवशीचा भाग बर्फात ठेवा. भरण्याआधी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा.

पिपेट बोरोसिलिकेट काचेची, रोध २ ते ४ मेगाओहम. ज्या दिवशी ओढली त्याच दिवशी वापरा. टोकावर धूळ बसली की सील (टोक आणि पटल यांची घट्ट पकड) लागत नाही. पिपेटमधली चांदीची तार (इलेक्ट्रोड) ब्लीचमध्ये बुडवून करडी-काळी करा. शून्य सारखे सरकत असेल तर पहिला संशय या तारेवर घ्या, थर घासून गेलेला असतो.

सील: बहुतेक अपयश इथेच येते, आणि त्याचे मूळ पेशीला हात लागण्याआधीच असते. पिपेट द्रावणात उतरवण्यापूर्वीच हलका धन दाब द्या आणि पेशीपर्यंत सोडू नका. पाण्याच्या पृष्ठभागावरचा मळ टोकाला चिकटतो तो दाब नसल्यामुळेच. शून्य जुळवा, ५ मिलिव्होल्टचा चाचणी-स्पंद सुरू ठेवा. पेशीवर खळगा दिसला आणि स्पंदाचा प्रवाह किंचित घटला की दाब सोडा, तोंडाने अगदी हलके ओढा, विभव उणे ८० मिलिव्होल्टवर न्या. रोध १ गिगाओहमच्या वर गेला पाहिजे. नाही गेला तर नवी पिपेट घ्या. वापरलेल्या टोकाने पुन्हा प्रयत्न करणे व्यर्थ आहे. सील स्थिर झाल्यावर तोंडाने छोटे छोटे ओढीचे झटके देऊन पिपेटखालचे पटल फोडा.

आता मालिका-रोध (पिपेट आणि पेशीचा आतला भाग यांच्यामधला रोध) पाहा, कारण आकडे खोटे पाडणारी गोष्ट ही आहे. प्रवाह २ नॅनोॲम्पिअर आणि रोध १० मेगाओहम असेल तर २० मिलिव्होल्टची चूक होते: तुम्ही अधिक २० मागितलेत, पेशीला मिळाले शून्य. रोध १० मेगाओहमच्या आत ठेवा, ॲम्प्लिफायरवर त्याची ७० ते ८० टक्के भरपाई करा आणि दर काही मिनिटांनी पुन्हा तपासा. मध्येच चढला तर पटल परत मिटत आहे.

प्रोटोकॉल: ३५ ते ३७ अंश सेल्सिअस. विभव (मिलिव्होल्टमध्ये) उणे ८० वरून क्षणभर उणे ५० (इथे गळती, म्हणजे हर्ग बंद असताना वाहणारा प्रवाह मोजा), मग अधिक २० वर २ सेकंद, पुन्हा उणे ५० वर २ सेकंद. अधिक २० वर प्रवाह लहान दिसतो म्हणून घाबरू नका. चॅनेल उघडतात, पण लगेच निष्क्रिय होतात. उणे ५० वर निष्क्रियता झटकन सुटते आणि दार सावकाश मिटते, त्यामुळे मोठा शेपूट-प्रवाह येतो. त्याचे शिखर वजा गळती, हेच माप. दर १५ सेकंदांनी एकदा पुरे.

औषध देण्याआधी पाच मिनिटे नुसते पाहा. प्रवाह तेवढ्यात दहा टक्क्यांहून जास्त घसरला तर ती पेशी बाद, कारण तीच घसरण पुढे औषधाच्या नावावर जमा होईल. प्रत्येक मात्रा परिणाम स्थिरावेपर्यंत द्या, कमीकडून जास्तीकडे. तेलकट औषधे प्लास्टिकच्या नळीला चिकटतात आणि पेशीपर्यंत कमी पोचतात. काच किंवा टेफ्लॉन वापरा. डीएमएसओ (औषध विरघळवणारा द्रावक) सर्व द्रावणांत सारखेच, ०.१ टक्का. शेवटी १ मायक्रोमोलर ई-४०३१ (हर्ग रोखणारे रसायन) देऊन हर्ग पूर्ण बंद करा. त्यानंतर जो प्रवाह उरतो तो हर्गचा नव्हे. आधीच्या प्रत्येक मापातून तो वजा करूनच रोखण्याची टक्केवारी काढा.