हर्बल चहा पिताय? मग या चुका टाळा

हर्बल चहाने घसा मोकळा होतो, आल्याच्या चहाने मळमळ कमी होते, कॅमोमाइल या फुलांचा चहा घेतला की झोपायच्या आधी जरा शांत वाटतं. एवढं सगळं खरं आहे आणि त्यासाठी जरूर प्या. गडबड होते ती त्याच कपाला कॅन्सर, शुगर, थायरॉइड अशी आजारांची नावं चिकटायला लागली की. मग माणूस गोळ्या बंद करतो आणि चहा सुरू करतो, आणि मला खरी भीती याचीच वाटते.

वनस्पतीत औषध आहे म्हणजे तिच्या चहात पण ते असणारच, असं भल्याभल्यांना वाटतं. मलेरियाचं उदाहरण घ्या. आर्टेमिसिया ॲन्युआ या वनस्पतीतून आर्टेमिसिनिन हे औषध मिळतं, ते शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं, मग लोक म्हणतात की चला, याच पानांचा चहा करू. पण तू यूयू यांना चौथ्या शतकातल्या जुन्या ग्रंथात जी कृती सापडली त्यात वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस काढायला सांगितलं होतं, उकळायला नाही, आणि त्यावरूनच त्यांनी कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढून बघितला. आर्टेमिसिनिन पाण्यात धड विरघळतच नाही. चहात ते किती उतरेल हे पानं कुठली, पाणी किती गरम, किती वेळ ठेवलं यावर बदलत राहतं, आणि डोस कमी पडला तर परजीवी पूर्ण मरत नाहीत, ताप परत उलटतो, वर औषधाला दाद न देण्याची सवय त्यांना लागू शकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना मलेरियासाठी हा चहा घेऊ नका असंच सांगते. एसिअॅक नावाचा चहा तर कॅनडातल्या एका नर्सने १९२० च्या दशकात लोकप्रिय केला आणि तो आजही कॅन्सरच्या नावाने खपतो, पण त्याने कॅन्सर बरा होतो याचा भरवशाचा पुरावा नाही.

दुसरी चूक म्हणजे ‘नॅचरल आहे, साइड इफेक्ट कसला?’ असं म्हणणं. ज्येष्ठमध गोड लागतं म्हणून लोक रोज, महिनोन्महिने घेतात, पण त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम खाली येतं आणि बीपी वाढतं. बीपीची गोळी चालू असूनही आकडा खाली येत नसेल तर आधी कपात काय आहे ते बघा. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती मूड चांगला राहावा म्हणून घेतात, तर ते लिव्हरमधली औषधं तोडणारी एन्झाइम वाढवतं, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, ट्रान्सप्लांटनंतरची औषधं यांचा असर कमी होतो, आणि डिप्रेशनच्या गोळ्यांसोबत ते घेणं तर धोक्याचंच. कॉम्फ्रे ही वनस्पती पोटात घेऊच नका, लिव्हर खराब होतं.

वजन कमी करणाऱ्या ‘डिटॉक्स’ चहाच्या पाकिटावर सेना किंवा सोनामुखी लिहिलंय का बघा. ते जुलाबाचं औषध आहे. काट्यावर कमी झालेलं वजन पाण्याचं आणि मळाचं असतं, चरबी आहे तिथेच राहते. बद्धकोष्ठतेला चार दिवस घेणं वेगळं आणि रोज पिणं वेगळं.

आता करण्यातल्या चुका. पुदिना, कॅमोमाइल अशी पानं-फुलं खळखळ उकळू नका, गरम पाणी ओता आणि पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा, झाकण नसेल तर सुगंधी तेलं वाफेबरोबर निघून जातात. मुळं, साली मात्र मंद आचेवर १५-२० मिनिटं उकळाव्या लागतात, नुसतं गरम पाणी ओतून त्यांचं फारसं काही उतरत नाही. आणि कढत कढत पिऊ नका, ६५ अंशांच्या वरचं पेय अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढवत असावं असं कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये म्हटलंय.

पुदिन्याचा चहा घेतल्यावर छातीत जळजळ वाढली? पुदिन्याने अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते, ॲसिडिटीवाल्यांनी आल्याच्या चहाकडे वळावं, तेही कमी प्रमाणात. झोपेसाठी घेताय आणि झोपच उडाली? मिश्रणात ग्रीन टी असेल, त्यात कॅफिन असतंच. कॅमोमाइलने खाज सुटली, ओठ सुजले तर शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असू शकते, लगेच बंद करा.

बाळाला पोटदुखीवर असला चहा पाजूच नका. चक्रफुलात दिसायला अगदी तसंच पण विषारी जपानी चक्रफूल मिसळलेलं सापडलंय, त्याने बाळांना झटके आले आहेत आणि अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) २००३ मध्ये त्यावर इशारा दिला होता. गरोदर असाल, दूध पाजत असाल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर ‘मी फक्त चहा घेते’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना नावासकट सांगा.

लघवी गडद व्हायला लागली, डोळे पिवळे दिसायला लागले, अंगाला खाज सुटली किंवा जेवण नकोसं झालं तर चहा त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरकडे जाताना पाकीट सोबत न्या, पाकीट नसेल तर डब्यातली उरलेली पानं तरी न्या, म्हणजे नेमकं काय पोटात गेलं ते त्यांना कळेल.